मांडीवरची बोटे आणि सालीसकट बटाटा

आमच्या घरी पोटभर जेवण असे ते दुसऱ्यांच्या लग्नातले. माझे वडील कुंभकोणात लग्नामुंजींचा स्वयंपाक करत. तंजावरच्या राजांच्या मागे जी मराठी घराणी इकडे आली, त्यांत कोणी आपले पूर्वज दरबारी कारकून सांगतो, कोणी किल्लेदार. आमचे मुदपाकखान्यात होते. राज्य खालसा झाले, मुदपाकखाना बंद झाला, हातात झारा तेवढा राहिला. यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

आडी आणि मार्गळी या दोन तमिळ महिन्यांत इकडे लग्ने होत नाहीत. त्या महिन्यांत घरी पेज असे, आणि पेजेत शीत सापडले तर ते माझे. लग्नसराईत मात्र अप्पा दुपार कलल्यावर पितळी डबा घेऊन येत. त्यात चिंचेचा भात असे, केळफुलाची भाजी असे, कधी तळाशी थोडे पायसम्, म्हणजे खीर, असे. बटाट्याची भाजी कधीच नसे. बटाटा तेव्हा मोठ्या लोकांच्या पंगतीतला पदार्थ. नीलगिरीच्या डोंगरातून रेल्वेने पोती येत. अप्पा तो सोलून, चिरून, पाण्यात टाकून ठेवत, मग उकडून ते पाणीही ओतून देत, आणि हिंगमोहरीच्या फोडणीत परतत. पाने वाढली की तीच भाजी सर्वांत आधी संपे. मी डब्यात डोकवायच्या आत अप्पा सांगत, "बटाटा उरला नाही."

आई लगेच म्हणे, "बरे झाले. वायूचा कंद तो."

जे मिळत नाही ते बाधते, असे म्हणायची आमच्या घराला सवय होती.

अप्पांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. तरी चुलीपाशी मला बसवून धडा म्हणायला लावत. मी अडखळलो म्हणजे चूक, एवढे त्यांना बरोबर कळे. मग माझ्या उजव्या मांडीवर त्यांचा हात बसे, चार बोटे वरून, अंगठा आतून. त्याचे लाल ठसे संध्याकाळपर्यंत दिसत. त्या ठशांवर मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेला नाही, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते ती होऊ द्यावी. निकाल अप्पांनी कानांनी ऐकला. त्याच साली एका लग्नघरी, चुलीपुढे बसल्या जागी, ते गेले.

त्यांचे वर्षश्राद्ध झाले आणि त्याच आठवड्यात मला ताप आला.

पथ्य

मी तेव्हा तिरुविडैमरुदूरच्या शाळेत मास्तर होतो. कुंभकोणाहून गाडीने जाई, गाडीने येई. ताप विषमाचा निघाला. त्याची हकीकत इथे सांगत नाही, ज्यांना तो आला त्यांना ठाऊक आहे. मी त्यातून उठलो. शाळेने माझी जागा ठेवली होती. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी वर्गात उभे राहायचे, नाही तर जागा दुसऱ्याला, असा निरोप आला होता. त्या जागेवर आमची चूल होती, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

ताप उतरल्यावर वैद्यांनी थोड्या दिवसांचे पथ्य दिले. मऊ भात, मुगाचे कढण, तापवलेले दूध, मिऱ्याचे सार, भाजलेला पापड. फळ नको, भाजी नको, आंबट नको. ते थोडे दिवस संपले. आईने पथ्य संपवले नाही. माझे पाय दुखू लागले तेव्हा तिने सार बंद केले. हिरड्या सुजल्या तेव्हा पापड गेला. नवे काही दुखले की ताटातून एक पदार्थ उठे. शेवटी मऊ भात, कढण आणि दूध उरले, तिन्ही त्रिकाळ, महिनोन्महिने. स्वयंपाक्याच्या घरात जन्मलेला मी, मला भाजीचे नावही आठवेनासे झाले.

मी एवढा शिकलेला, पण एकदाही विचारले नाही की हे कधी संपायचे. मला त्यात शिस्त दिसत होती. परीक्षेला बसल्यासारखा मी ते पथ्य पाळत होतो.

सकाळी उठलो की तोंडात पितळेची चव असे. उशीवर तांबूस डाग असे. जिभेने ढकलले तर दात हलत, जसा देवळाच्या पायरीचा एखादा दगड पाय देताच हलतो. अंगात जीव नव्हता, आणि आईने उठवून बसवल्याशिवाय मला बसता येत नव्हते.

उघडलेली रेघ

माझ्या डाव्या नडगीवर एक जुना व्रण आहे. लहानपणी एका लग्नाच्या मुदपाकखान्यात पळताना मी विळीवर पडलो होतो. अप्पांनी हळद दाबून आपला पंचा फाडून बांधला होता. जखम भरली, तिथे एक पांढरी, वाकडी रेघ राहिली.

त्या दिवसांत एका सकाळी ती रेघ जांभळी दिसली. मग कडेने ओली झाली. मग उघडली.

मी कोठे आपटलो नव्हतो. अंथरुणातून खाली पाय टाकला नव्हता. लहानपणी मिटलेली जखम आतून उघडली, तेवढ्याच लांबीची, त्याच वळणाची, आणि दुखत होती तीही तशीच, वर चढत. मला त्या क्षणी हिंगाचा आणि ओल्या सरपणाचा वास आला. चूल तर विझलेली होती.

आई खाली बसून पाहत राहिली. मग म्हणाली, "हे त्यांनी बांधले होते."

त्यानंतर बोटे आली.

उजव्या मांडीवर, चार वरून, एक आतून. निळी. सकाळच्या उजेडात मला दिसली तेव्हा मी पांघरूण ओढून घेतले. आईने ते पुन्हा सारले. दोन दिवसांत ते ठसे हिरवट झाले, आणि त्यांच्या शेजारी दुसरे उमटले. पुन्हा तेच, चार आणि एक.

कॉलेजात मला तर्कशास्त्र होते. त्यातले सगळे जे आठवले ते मी त्या बोटांना लावून पाहिले. ती पुसली गेली नाहीत.

जे कोणी अंथरुणावर पडून हे वाचत असतील त्यांना एक खरे सांगतो. मला मरायची भीती वाटत नव्हती, तेवढी ताकदच नव्हती. भीती वेगळीच होती. लहानपणी बोटे बसत तेव्हा निदान कळे की कोणत्या शब्दावर चुकलो. आता बोटे बसत होती, आणि मी कोठे अडखळतो आहे ते मला कळत नव्हते.

दोन दारे

माझे मामा, कुप्पूमामा, पितळी भांड्यांच्या बाजारात दुकान करत. त्यांनी मांडी पाहिली, पडवीत जाऊन हात धुतले आणि परत येऊन बसले. श्राद्धात काही उणे राहिले, असे त्यांचे मत पडले. मी म्हणालो, काही राहिले नव्हते, मी स्वतः सगळे केले.

"नाणू, तू बी.ए.," मामा म्हणाले. "तुज बोट दिसते. बोट कोणाचे, ते पुस्तकात नसते."

त्यांनी तिरुविडैमरुदूरला जायचे ठरवले. तिथल्या मोठ्या देवळाचा एक रिवाज आहे. पूर्वेच्या दाराने आत जातात, पण त्या दाराने बाहेर येत नाहीत. माणसाच्या मागे काही लागलेले असेल तर ते उंबऱ्याशी थांबते, आत येऊ शकत नाही. माणूस दर्शन घेऊन दुसऱ्या दाराने निघून जातो, आणि ते पूर्वेच्या दारात त्याची वाट पाहत राहते. मी रोज त्या दारावरून शाळेत जात होतो. वर्गातल्या पोरांना त्यावर निबंधही लिहायला लावला होता.

आई लगेच हो म्हणाली नाही. तिने एवढेच विचारले, "ते काय परके आहेत, दारात ठेवून यायला?"

"पोरगा हवा की नको?" मामा म्हणाले.

बैलगाडीतून गेलो. गाडी पूर्वेच्या दाराशी थांबली तेव्हा भर दुपार होती. मला चालवत नव्हते, म्हणून मामांनी काखेत हात घालून धरले, आईने मांड्यांखाली, आणि दोघांनी मला उचलून आत नेले. उन्हात दगड तापले होते. माणूस नव्हते. ओवरीतून वटवाघळांचा कोंदट वास येत होता. आई चालताना माझ्याकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती, आणि तिची बोटे माझ्या मांडीत रुतत होती. दुसऱ्या दारापाशी मामा दोनदा म्हणाले, मागे पाहू नका. मी पाहिले. लांबलचक ओवरी, तिच्या टोकाला पूर्वेचे दार, दारात पांढरे ऊन. एवढेच.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. आई सांगते, मी हसलो झोपेत.

सकाळी पांघरूण काढले तर अंगभर बोटे होती. दोन्ही मांड्यांवर, काखेखाली, दंडांवर, पाठीवर. निळी, जांभळी, एकावर एक. आधी एक हात असे, आता कितीतरी होते. मामा दारातून डोकावले आणि तसेच मागे फिरले, चप्पल घालायलाही थांबले नाहीत.

आई माझ्या उशाशी बसली. "रागावले," म्हणाली. दिवेलागणीच्या आधी तिने मळसूत्री तांब्या, दोन लुगडी आणि कढणाचे पातेले एका गाठोड्यात बांधले.

"कोठे निघालीस?"

"सरकारी इस्पितळात. तेथे ते येणार नाहीत. जन्मात त्या पायरीला पाय लावला नाही त्यांनी."

मी वाचलो तो आईच्या या हिशेबाने. औषधावर विश्वास ठेवून आम्ही इस्पितळात गेलो, असे सांगायला मला आवडले असते.

अंगठा

इस्पितळात माझी खाट खिडकीजवळ होती. सकाळी फिनेलचा वास, मग झाडूचा आवाज, मग डॉक्टरांच्या बुटांचा. दुपारी शेजारचे म्हातारे रेड्डियार कोणाशी तरी भांडत असत, समोर कोणी नसताना. आईने बाहेर चिंचेखाली तीन विटा मांडल्या आणि तिथे माझे पथ्याचे शिजवू लागली. आजाऱ्याला शिवायचे, पुन्हा सोवळ्यात शिजवायचे, म्हणून ती दिवसातून कितीदा विहिरीवर अंघोळ करी. तिचे केस कधी वाळलेले मी पाहिले नाहीत.

डॉक्टरांचे नाव आरोग्यसामी. दक्षिणेच्या किनाऱ्याकडचे ख्रिस्ती गृहस्थ, पोट सुटलेले, आवाज बारीक. तरुणपणी मलायात पिनांगला मजूर नेणाऱ्या जहाजांवर त्यांनी नोकरी केली होती. त्यांनी माझे तोंड उघडून पाहिले, नडगी पाहिली, आणि तमिळमध्ये आईला विचारले, याला खायला काय देता?

आईने सांगितले. तिला फार दिवसांनी कोणी असे काही विचारले होते की ज्याचे उत्तर तिला अभिमानाने देता येईल. मऊ भात, कढण, दूध.

"आणखी?"

"आणखी काही नाही, डॉक्टर. एक शीत इकडचे तिकडे होऊ दिले नाही."

मग डॉक्टरांनी अंगावरच्या डागांचे विचारले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण आईने मला मागे सारले आणि सगळे सांगितले. अप्पा, चूल, धडे, श्राद्ध, देवळाची दोन दारे. मी भिंतीकडे तोंड केले. मला वाटले हा माणूस आता हसेल.

तो हसला नाही. माझा डावा हात त्याने उताणा ठेवला, कोपराखाली डाग नसलेली जागा शोधली आणि तिथे आपला अंगठा दाबला. फार जोराने नाही. पिकला आंबा पाहतात तेवढ्याच जोराने. "उद्या सकाळी बघा," म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

सकाळी तिथे अंगठा होता. निळा, लांबट, जिथे दाबला तिथेच.

डॉक्टर आले, तो पाहिला आणि आईला म्हणाले, "अम्मा, हा अंगठा माझा. आणि मी अजून मेलेलो नाही."

मग त्यांनी हळूच विचारले, याला रोज उठवून कोण बसवते? मांडीला धरून?

आई आपल्या हातांकडे पाहत राहिली.

त्यांनी रोगाचे नाव स्कर्व्ही सांगितले. खलाशांचा रोग. लांबच्या प्रवासात शिळे, वाळवलेले खाऊन होतो. आम्ही तो कावेरीच्या काठावर, सोवळ्यात शिजवून, घरात आणला होता. अंगातले रक्त जरा दाब पडला की झिरपते, म्हणून ठसे. आणि जुना व्रण का उघडला, ते त्यांनी असे सांगितले: जखम एकदा भरली की संपली असे नसते, शरीर ती आतून सारखी शिवत असते. शिवायचा दोरा ताज्या खाण्यातून येतो. दोरा संपला की जुनी शिवण आधी उसवते.

मला हे पटले. तरी खरे सांगायचे तर त्याने माझी भीती गेली नाही, तिची जागा बदलली. आपल्या अंगावरची प्रत्येक मिटलेली जखम अजून तिथेच, आत, उघडी आहे, हे माहीत होऊन जगणे सोपे नसते.

सालीसकट

औषध म्हणून डॉक्टरांनी आधी लिंबूच सांगितले. लिंबाचा थेंब हिरडीला लागला आणि मी असा ओरडलो की रेड्डियारांनी भांडण थांबवले. आईने लिंबू फेकून दिले. आंबटाने जखम पिकते, हे तिचे ठाम मत, आणि तेवढ्यापुरते माझेही झाले.

"मग बटाटा द्या," डॉक्टर म्हणाले.

आई दोन पावले मागे सरली. पथ्यातल्या माणसाला वायूचा कंद. तोही इंग्रजी, श्राद्धाच्या पानावर न चालणारा.

डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकले. "अम्मा, तुमचा कुटलेला तांदूळ पेरला तर उगवेल?"

"कसा उगवेल?"

"आणि बटाटा?"

आईला माहीत नव्हते. आमच्या घरी तो टिकेल एवढा कधी आलाच नव्हता. कुप्पूमामा त्या दिवशी लाजत लाजत भेटायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, बाजारात पोत्यातल्या पोत्यात कोंब फोडतो तो, माती लागत नाही, पाणी लागत नाही.

"म्हणजे त्यात अजून जीव आहे," डॉक्टर म्हणाले. "याला जीव असलेले काहीतरी खायला घाला." लिंबाइतका गुण बटाट्यात नाही, हेही त्यांनी कबूल केले. पण लिंबू माणूस चाटतो, बटाटा पोटभर खातो, आणि रोज खातो. भाताने पोट भरते तसे त्यानेही भरते, वर जे भातात नाही ते थोडे मिळते. नव्या पुस्तकांत त्याला व्हिटॅमिन म्हणतात. पिनांगच्या जहाजावर लिंबे नासली तेव्हा बटाट्याच्या पोत्यांनी माणसे तारलेली त्यांनी पाहिली होती.

मामा दुसऱ्या दिवशी टोपलीभर डोंगरी बटाटे घेऊन आले. आईने ते सोलले, चिरले, पाण्यात टाकून ठेवले, उकडले आणि पांढरट पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतून दिले. डॉक्टर तेवढ्यात व्हरांड्यातून जात होते.

"अम्मा, औषध झाडाला घातलेत."

"आमच्या घरी असाच करतात," आई म्हणाली. आमच्या घरी बटाटा त्याआधी शिजलाच नव्हता. पण अप्पांचा हात तिने बाहेरून कधीतरी पाहिला असणार, आणि तोच तिने उचलला होता.

डॉक्टरांनी तिथेच उभे राहून सांगितले: सोलायचा नाही, चिरायचा नाही, पाण्यात टाकून ठेवायचा नाही. धुवायचा आणि अख्खा, सालीसकट, वाफेवर ठेवायचा. तळायचा नाही. साल पानावर आल्यावर काढायची, नखाने, पातळ. कोंब फुटलेला आणि हिरवा पडलेला घ्यायचा नाही. जीव हवा, पण झोपलेला हवा, असे म्हणून ते बारीक आवाजात हसले.

आईने इडलीच्या भांड्यात बटाटे ठेवले. वाफ आली तेव्हा ओल्या मातीचा वास सुटला. तिने एक सोलून, कुस्करून, मीठ आणि थेंबभर तूप घालून माझ्या जिभेवर ठेवला. कित्येक महिन्यांनी प्रथमच एखादी गोष्ट तोंडात गेली आणि लागली नाही, झोंबली नाही. ती तोंडात विरघळली. मी रडलो, पण ते सांगण्यासारखे नाही.

टोपली खाटेखाली असे. एके दुपारी खाली वाकून पाहिले तर एका बटाट्याला कोंब आले होते. पांढरे, मऊ, चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. ते खाटेकडे वळले होते, माझ्याकडे. मी आईला न सांगता तो मामांकरवी बाहेर टाकवला. रोगाचे नाव कळल्यावरही असे दिवस येतात. ज्यांना ते येतील त्यांनी स्वतःला वेडे समजू नये.

काही दिवसांत तोंडातली पितळेची चव गेली. मग उशी स्वच्छ राहू लागली. दात जागी बसले. मग लिंबूही सोसू लागले, आवळाही. नडगीची जखम कडेने आत सरकत आली, रोज थोडी. मी ती पाहत पडून राही. मी डॉक्टर नव्हे. पण आजारातून उठलेल्या माणसाला नुसत्या भात-कढणावर कोणी ठेवलेले पाहिले की मी आता गप्प बसत नाही. पथ्य कधी संपणार ते विचारा, आणि पानात काहीतरी ताजे वाढा. लिंबू मिळाले तर उत्तम. नाही सोसले तर सालीसकट उकडलेला बटाटा.

आईचे हात

या सगळ्यात एक गोष्ट बिघडली. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारल्यापासून आई मला हात लावीना. कूस बदलायला इस्पितळाच्या नोकराला बोलावी. घास लांब पळीने भरवी. मी म्हणालो, तुझ्या हाताने मला कधी दुखले नाही. ती म्हणाली, दिसत होते ना अंगावर.

मी चालू लागलो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागलो, तरी तेच. शेवटी एका सकाळी मी तिच्यासमोर बसलो, पंचा वर घेतला आणि म्हणालो, धर. नाही म्हणाली. मी म्हणालो, डॉक्टरांनी जसा अंगठा ठेवून पाहिला तसे तूही पाहा, म्हणजे माझे मलाही कळेल की मी बरा झालो की नाही. त्यावर तिने डोळे मिटले आणि माझी उजवी मांडी घट्ट धरली. चार बोटे वरून, अंगठा आतून. खूप वेळ धरून बसली.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी पाहिले. मांडी साफ होती. एक डाग नव्हता.

मला वाटले ती आनंदाने रडेल. ती तशीच बसली.

"म्हणजे ते गेले," ती म्हणाली.

"आई, ते नव्हतेच. बोटे तुझी होती."

"बोटे माझी होती, कळले मज. मग त्या दिवशी दारात सोडून आले ते कोणाला?"

मी पंचा खाली ओढला.

"मी मागे पाहिले नाही," ती म्हणाली. "तू पाहिलेस. होते?"

बी.ए. झालेल्या माणसाने नव्हते म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "दिसले नाहीत."

"दिसायचे नसते. मग अजून तेथेच उभे असतील. ऊन काय पडते त्या दारात."

पूर्वेचे दार

शाळा उघडायच्या आधी आम्ही दोघे गाडीने तिरुविडैमरुदूरला गेलो. स्टेशनपासून चालत. आईने सकाळीच इडलीच्या भांड्यात बटाटे उकडून झाकून ठेवले होते. कोणासाठी ते मी विचारले नाही.

या वेळी आम्ही दुसऱ्या दाराने आत गेलो, उलटे. ओवरीतून चालत पूर्वेकडे आलो. लोक समोरून येत होते, आमच्याकडे वळून पाहत होते, कारण त्या बाजूने कोणी बाहेर पडत नाही. एक बाई आपल्या मुलीला ओढून बाजूला झाली. पूर्वेच्या दारात तसेच पांढरे ऊन होते.

आई उंबऱ्यावर थांबली. डाव्या बाजूला, जिथे भिंतीची थोडी सावली पडते, तिकडे तोंड करून उभी राहिली. नवऱ्याचे नाव तिने जन्मात घेतले नव्हते, तेव्हाही घेतले नाही.

"चला," ती म्हणाली. "पोरगा उभा राहिला. घरी बटाटा आहे."

आणि ती चालू लागली. मागे वळून पाहिले नाही, मीही पाहिले नाही. स्टेशनची वाट त्या वेळी सुनी होती. धुळीत पावले वाजत होती, माझी आणि तिची. किती वाजत होती ते मी लक्ष देऊन ऐकले नाही, आणि यापुढे कोणी विचारले तरी सांगणार नाही.

घरी तिने तीन पाने मांडली. आम्ही दोघे जेवलो. तिनेही थोडा खाल्ला, आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्या पानावरचा तसाच राहिला. त्या दिवशी आमच्या घरी बटाटा उरला.

शाळा उघडली तेव्हा मी हजर होतो. पहिला तास सबंध उभ्याने शिकवला. अडखळलो नाही. नडगीवरची रेघ पांढरी आहे.